खवला

साकोलीच्या बाजारात माझी माय
अठ्ठावीस वर्षं खवले काढते.
केसांत, बांगड्यांत, पैशांच्या डब्यात खवले.
कोणी कधी मोजले नाहीत.

मी एकच काढते.
चिमट्यानं, भूल दिलेल्या माशाच्या कुशीवरून.
बोटाच्या दोन पेरांएवढा, निळ्या पट्ट्यांचा,
तीन वर्षांचा म्हातारा.
खवला म्हणजे त्याचं उघड्यावरचं हाडच.
रंग चढला की भिंगाखाली कड दिसते,
उधईनं खाल्लेल्या चौकटीसारखी.

फोनवर मायला दाखवला मासा.
"हे तं बोडीतलं चिल्लर," ती म्हणाली,
"जाळं झटकलं का पयते."
मग प्लास्टरमधला हात वर केला
(उंबऱ्याला अडखळली एवढंच,
मनगट गेलं)
"माहा बी एक खवला काढ ना सयत्रे,
पाह्य कुठवरी खाल्लं थे."

उपटल्या जागी नवा येतो,
पंधरा-वीस दिवसांत.
म्हाताऱ्या माशालाही येतो,
जरा पातळ.

हे सांगायचं राहूनच गेलं.
ती विचारत होती,
टाकीतलं पाणी
बोडीचं हाय का नळाचं.