कोणाचा माणूस होता?

हेइनीने फळ्यावर चौकोन आखले,
मासळीच्या खोक्यांवर नंबर टाकायच्या पेननेच.
जवळच्या खांबाशी एक, सहा यार्डांच्या रेषेवर चार,
पेनल्टीच्या ठिपक्यापुढे दोन.
म्हणाला, माणूस विसरा, जागा धरा.
माणूस पळतो, फसवतो,
बुटाची नाडी बांधायचं सोंग घेतो.
जागा कुठे जात नाही.
पोरांनी माना डोलावल्या.
मी मागे हीटरवर मोजे वाळत घालत होतो,
मला कुणी विचारलं नाही.

जागा जात नाही, कबूल.
पण हे फेरो बेट आहे, इथे चेंडूला वारा असतो.
समुद्राकडच्या कोपऱ्यातून मारलेला कॉर्नर
निघतो एका खांबाच्या पत्त्यावर
आणि पोचतो भलतीकडेच.

आमच्या वेळी फळा नव्हता.
सामाल बोट दाखवायचा: तो तुझा.
झालं प्रशिक्षण.
माझ्या वाट्याला रोकुर आला, समोरच्या बेटावरचा,
अकरा वर्षं, वर्षातून दोनदा.
बायकोच्या आधी मी त्याला ओळखत होतो.
धाव घेण्याआधी त्याचा डावा खांदा जरासा उतरायचा.
उडी मारताना तो डोळे मिटायचा.
हे दुसरं मी कुणालाच सांगितलं नाही,
आमच्या गोलकीपरलासुद्धा.
त्याच्या शर्टाचं टोक माझ्या मुठीत,
त्याचं कोपर माझ्या बरगडीत,
थंडीत दोघांच्या तोंडची वाफ एकच.
चेंडूकडे मी क्वचितच पाहिलं.
चेंडू कुठवर आलाय
ते त्याच्या तोंडावर वाचता यायचं.

एकदाच सुटला.
धुकं जाळीपर्यंत उतरलेलं,
त्यांचा एक धिप्पाड गडी वाटेत खांबासारखा उभा,
मी त्याला वळसा घातला.
तेवढ्या वळशात गोल.
मग महिनाभर, धक्क्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर,
बेकरीत बिर्गिट सुटे पैसे मोजता मोजता,
सगळ्यांना उत्तर माहीत असलेला एकच प्रश्न:
कोणाचा माणूस होता?

खोटं कशाला बोलू,
गेल्या वर्षी कॉर्नरवर आम्ही सतरा गोल खाल्ले, यंदा सहा.
आकडे हेइनीच्या बाजूने आहेत.

सहावा कालचा.
अठ्ठ्याऐंशीवं मिनिट.
बारदुर त्याच्या चौकोनात, एयदुन त्याच्या,
दोघेही फळ्यावर होते तसेच, बोटभरही इकडेतिकडे नाहीत.
वाऱ्याने चेंडू उचलला
आणि नेमका दोघांच्या बांधावर आणून ठेवला.
दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात.
हा दोन्हीकडे जेवून गेला.

पोरं एकमेकांकडे पाहत राहिली,
मग गवताकडे.
गवताने काही कबूल केलं नाही.
हेइनी म्हणाला, कोणाचीच चूक नाही,
अंतर चुकलं. दीड मीटर.
दीड मीटरला बेकरीत कोण काय विचारणार?
एयदुन माझा मुलगा.
रात्री पोटभर जेवला, झोपलाही लगेच.
मला बरं वाटलं.
का कोण जाणे, जरा वाईटही.

हे घरचं झालं. त्याआधी, सामना सुटल्यावर,
चहाच्या खिडकीपाशी रोकुर दिसला.
पाहुण्यांच्या बोटीने आलेला,
हातात काठी, खुबा नवा बसवलेला.
म्हणाला, तुमचा चहा अजून पातळच.
मी म्हटलं, हो.
त्याने पहिला घोट घेतला, डोळे मिटून.

मैदान रिकामं होतं, कुणीतरी कोपऱ्यातले झेंडे उपटत होतं.
तेव्हा लक्षात आलं मी कुठे उभा आहे ते:
त्याच्या डाव्या खांद्याला खेटून,
अर्धं पाऊल आत,
गोलच्या बाजूला.