मुलाखत, कालिना

जागा एक. सात वर्षं रिकामी.
सकाळपासून आठ उमेदवार झाले,
चहा दोनदा, मारी बिस्किटं मऊ पडलेली.

नववी बोऱ्हाडे, वृषाली. भौतिकशास्त्र, खगोल.
तासिका तत्त्वावर अकरा वर्षं:
उल्हासनगर, वाशी, परत उल्हासनगर.
‘अनुभव सलग दिसत नाही,’ अध्यक्ष म्हणाले.
‘एप्रिलमध्ये मावळते, जुलैत उगवते, सर.
पंचांगात बसेल, तुमच्या तक्त्यात नाही.’
कुणी हसलं नाही.
मी हसलो, खोकल्यात लपवून.

मग माझा प्रश्न, दरवेळचाच:
या शहरात आकाश दिसत नाही,
शिकवणार काय?

तिनं खडू उचलला, परत ठेवला.
‘मुलांना कॉलेजच्या गच्चीवर नेलं होतं.
अकरा तारे मोजले. अकराच.
एकानं विचारलं, मॅडम, बाकीचे कुठायत?
प्रकाशाचं विकिरण
मी तिथून सुरू केलं.’

गुणतक्त्यात याला रकाना नव्हता.
शोधनिबंध: हवेत सहा, आहेत चार.
मी पेन्सिलीनं कडेला काही लिहिलं,
अध्यक्षांनी पान उलटलं.
‘कळवू,’ ते म्हणाले.
ती दार ओढून घेताना
बाहेरचा शिपाई तिला बसची वेळ सांगत होता.

त्या रात्री चेंबूरला, गच्चीवर,
पाण्याच्या टाकीला पाठ टेकून
मी सात मोजले,
मोतीबिंदू धरून.
आठवं
विमान निघालं.