अंशतः खरे आहे

वेंगुर्ल्याच्या कोर्टासमोर, बदामाखाली
माझा टाइपरायटर. त्याचा 'र' पहिल्यापासून अर्धाच उमटतो.
आरोलकर वकिलांचा पहिला दावा मीच टाइप केला:
शेवंती गिरप, धंदा रापण, विरुद्ध
रात्री दिवे लावून किनाऱ्यापर्यंत येणाऱ्या बोटी.

फी म्हणून ती बांगडे आणायची,
केळीच्या पानात, सुंभाने बांधून.
वकिलांच्या बॅगेला तो वास चार वर्षं होता.
एका तारखेला तिनं विचारलं,
दर्याचो सातबारो कोणाच्या नावार असा, वकिलानू?
ते हसले नाहीत. मला म्हणाले, हे दाव्यात घाल.
घातलं. कोर्टानं तेवढं वगळून वाचलं.

त्याच वाक्यावर ते निवडून आले.
शिरोड्यापासून निवतीपर्यंत भिंतीभिंतीवर होतं,
चुन्यावर निळीनं, खाली त्यांचं नाव.

मग डिसेंबरात नागपूर.
प्रश्न मात्र माझ्याकडेच टाइप व्हायचे,
तिकडच्या पोरांना रापण लिहिता येत नाही म्हणून.
बंदी असलेल्या क्षेत्रात बोटी शिरतात, हे खरे आहे काय?
हे अंशतः खरे आहे.
असल्यास, कोणती कारवाई केली?
प्रश्न उद्भवत नाही.

दुसऱ्या खेपेला चिन्ह बदललं, समिती मिळाली.
बर्फाच्या कारखान्याची फीत कापताना
शेजारी प्रतिवादी क्रमांक तीन,
दोघांच्या गळ्यात एकाच झेंडूचे हार.
शेवंतीच्या तारखेला ज्युनिअर उभा राहू लागला,
पुढे ज्युनिअरचा ज्युनिअर.
मी पाहत होतो. पानामागे पैसे घेत होतो.

तिसऱ्या खेपेला अठराशे मतं कमी पडली.

आज ते परत माझ्या बाकावर. कोटाचं बटण लागत नाही.
शेवंती आली, काठी टेकत, हातात नवं वकीलपत्र.
बांगडे नव्हते. गावले नाहीत, म्हणाली,
आणि अंगठा पुढे केला.

जुना कागद पिवळा पडलेला, नवा अर्ज करायचा होता.
ते वाक्य घालू? मी विचारलं.
आरोलकर बराच वेळ बंदराकडे बघत होते.
घाल, म्हणाले.
पण अवतरणात घाल. वाक्य तिचं आहे.

अवतरणचिन्हं माझ्या मशीनवर शाबूत आहेत.
'नावार' मधला र
मी पेनानं पुरा केला.