ॲशट्रेखालचा रंग

कूबर पीडीत माणसं जमिनीखाली राहतात.
टेकडी पोखरून काढलेल्या खोल्या, बारा महिने गार,
पलंग, फ्रीज, खिळ्याला टांगलेली मेरी,
सगळं खाली.
गाड्या तेवढ्या वर.

स्टिपेची व्हॅलियंट अकरा वर्षं वर होती,
नाक उत्तरेला.
या गोलार्धात सूर्य उत्तरेच्या अंगानं चालतो,
तो रोज दुपारी काचेतून आत आला,
डॅशबोर्डावर कोपरं टेकून बसला
आणि उठायचं नाव नाही.

मी सीटांची कामं करते.
दोनशे मैलांत दुसरं कोणी करत नाही,
म्हणजे स्पर्धा नाही, आणि पैसाही नाही.

बाप गेल्यावर तिघं भावंडं गाडी घेऊन आली,
विकायची, पण आधी रंग.
"मूळचा द्या," यद्रांका म्हणाली. "निळा."
आंते हसला. "निळा कुठला? हिरवा, बाटलीसारखा.
त्यावर ओकलोय मी. मला विचार."
धाकटा डेनिस म्हणाला, "तपकिरी,"
आणि लगेच स्वतःच शंकेत पडला.

मागची सीट रेक्झिनची. आता शिळ्या सायीच्या रंगाची,
हात लावावा तर चिकट,
आणि बोटाला पांढरी पूड.
पुढच्या दोन मात्र अस्सल चामड्याच्या:
एकदा चांगला ओपल लागला, तेव्हा स्टिपेनं
मोडीतल्या जॅग्वारच्या उपटून बसवल्या
आणि मागच्या सीटला जुळेलसा रंग स्वतःच फासला.
ब्रशचे दोन केस अजून त्यात रुतलेले.

रेक्झिन आपलं तेल घामासारखं गाळत जातं,
मग एक दिवस कडक होतं.
चामडं तहानेनं मरतं.
इथे ओपलसुद्धा बाटलीत, पाण्यात ठेवतात,
नाहीतर तडकतो.
चामड्याला बाटली कोण देणार?

पहिला दिवस नुसता धुण्यात गेला.
साबण, मऊ ब्रश, आणि खाली
चहासारखं पाणी.
दुसऱ्या दिवशी स्पिरिटचा हात, बारीक पॉलिशपेपर,
भेगांत लांबी. चामड्याला क्रीम,
आणि ते पीत राहिलं, पीत राहिलं,
मी दुसरा डबा उघडला.

रंग मात्र वर देता येईना.
पंचेचाळीस डिग्रीत फवारा सीटवर पोचण्याआधी
हवेतच वाळतो.
तेव्हा बोल्ट काढले, आणि सीटा खाली आणल्या,
माझ्या खोलीत, दिव्याच्या उजेडात.
जन्मात पहिल्यांदा घरात आल्या असतील.

नमुना हवा होता. मागच्या दाराची ॲशट्रे उचकटली.
तिच्याखाली ऊन कधी गेलंच नव्हतं.
गुलाबीकडे झुकलेला विटकरी रंग,
ओला वाटावा इतका ताजा.

तिघं वाकून बघत राहिले.
"हा नाही," आंते म्हणाला.
बऱ्याच वेळानं यद्रांका म्हणाली,
"टॉवेल."
उन्हाळ्यात त्या सीटवर मांड्या भाजायच्या,
आई टॉवेल अंथरायची. तिचा निळा.
आंतेचा हिरवा, काठाला उसवलेला.
डेनिसच्या वेळेपर्यंत टॉवेल संपले होते
आणि विटकरी करपून तपकिरी झाला होता.

आंतेला अजून पटलेलं नाही.
"टॉवेल कसा? मी ओकलो त्याखाली दिसलं की मला."
असो.

मी विटकरीच कालवला. चार पातळ हात,
दोन हातांच्या मधे घटकाभर वाट.
सुकल्यावर त्यांना बोलावलं.
मागची सीट भिंतीला टेकवली होती,
तिघं न ठरवता ओळीनं बसले,
यद्रांका डावीकडे, धाकटा मधे,
गुडघे वर, पन्नाशीची माणसं.
समोर बापाची सीट, उजवीकडची, रिकामी.

कोणी काही बोलेना.
किटली शिट्टी घालू लागली.
मी चहा ओतला आणि त्या सीटवर जाऊन बसले.
काय करणार,
माझ्या घरात दुसरी खुर्चीच नाही.