बैठक क्रमांक एक

ह्या मॉडेलचं झाकण मी डोळे मिटून उघडतो.
वरचे सात स्क्रू, मागचे चार,
त्यातला एक नेहमी हरवलेला.
थंडर बेत नोव्हेंबर लागला
की खिडक्या बंद होतात, माणसं आत येऊन बसतात,
आणि ही काळी खोकी एकेक करून
माझ्या टेबलावर. दहा किलो,
वर मांजराचे केस.

महाग नाही, स्वस्तही नाही.
"पैशाच्या मानाने बरा," म्हणतो ऑर्लांदो पिक्कोलो,
तो जावयाबद्दलही एवढंच म्हणतो.
तक्रार एकच, तापतो.
ठेवलायस कुठे?
कपाटात. दारं लावून.
वर काही?
नातवंडांचे हातमोजे. वाळतात मात्र झकास.

डोरीन कोवालचुकला बोलणं ऐकू येत नाही.
माणसं कुजबुजतात नि गाड्या किंचाळतात,
हा कुठला न्याय, विचारते,
जणू सिनेमा मीच काढलाय.
मधला स्पीकर तीन डेसिबल वाढवून दिला.
आठवड्यात परत:
आता सगळे माझ्यावरच खेकसतात.
एकदा कान तपासून घ्या, हे जिभेवर आलं होतं,
पण येताना तिनं दालचिनीचे बन आणले होते.

धान्याच्या कोठारात रात्रपाळी करणारा डेव्हन
आकडे छापून घेऊन आला.
डब्यावर शंभर वॅट,
सातही स्पीकर जोडले तर चाळीससुद्धा नाहीत,
ही सरळसरळ फसवणूक!
खरं होतं त्याचं. आडात तेवढं, पोहऱ्यात तेवढं.
पण तळघरात त्याच्याकडे स्पीकर तीन,
आणि वर घरमालकीण दिवसा झोपते,
म्हणून बटण कधी एक चतुर्थांशाच्या पुढे गेलेलं नाही.

इर्या लेहतोला तो घेऊन आली
लहान मुलांच्या ढकलगाडीवर, बर्फातून,
टॉवेलात गुंडाळून.
आवाज येतो, चित्र नाही.
पट्टी बदलावी लागेल, म्हणालो, स्मृती पुसली जाईल.
बाकी कसा वाटतो तुम्हाला?
मत ओलावीचं असायचं, ती म्हणाली.
मी सोफ्याच्या टोकाला बसते.

पुसण्याआधी मी आकडे पाहिले.
डावा दोन मीटर चौऱ्याहत्तर,
मधला दोन एकसष्ट,
उजवा तीन चाळीस, कारण तिकडे शेगडी असणार.
पुस्तकात लिहिलंय, मायक्रोफोन सहा जागी ठेवा.
ओलावीने ठेवला एकाच जागी,
आपल्या खुर्चीत, कानाच्या उंचीवर.
त्या दिवसापासून हे यंत्र
जवळच्या आवाजाला थोडं थोपवून धरतं
लांबचा येईपर्यंत,
म्हणजे सगळे एकाच क्षणी
त्या खुर्चीत पोचतील.

मी म्हणालो, घरी येतो, सोफ्यावरून मोजू.
पंधरा मिनिटांचं काम, पैसे नकोत.
तिनं टॉवेलाची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.
खुर्चीत आता लोकरीचे गुंडे असतात, म्हणाली.
आणि मग: जरा बाजूने ऐकायची
सवय आहे मला.

तेव्हा एका जुन्या बिलाच्या पाठीवर
सगळे आकडे उतरवून घेतले,
नवी पट्टी बसवली,
आणि हाताने एकेक परत भरले,
सेंटिमीटर न चुकवता,
मापं घेतलेल्या माणसाचे कपडे
तो नसताना शिवावेत तसे.

डिसेंबरात तिचा फोन आला.
मागे काहीतरी चालू होतं, बहुतेक पाणबुडी,
माझ्या कानातला रिसीव्हरसुद्धा थरथरत होता.
"तू बासही होता तसाच ठेवलास?"
हो, म्हणालो, आकडा न् आकडा.
"ताटं वाजतात कपाटातली.
तेहतीस वर्षं सांगतेय ह्या माणसाला
जरा कमी कर."

कुठलं बटण ते मी फोनवर सांगितलं.
तिनं दोन घर खाली आणलं.
थांबली, ऐकलं.
मग आणखी एक.