खरवडलेली जागा

पत्र लिंकनशायरहून आलंय.
हिलरी विंट्रिंगम, वय अडुसष्ट, विचारतात,
बेल गॉर्म नावाचं गाव कुठं आहे?
अठराशे एक्क्याण्णवच्या खानेसुमारीत
त्यांच्या पणजीपुढं, अ‍ॅडलिन, वय आठ,
जन्मस्थान म्हणून एवढंच आहे.

मी ते डेव्हिड हुक्केरीला वाचून दाखवलं.
तो कपाटाची किल्ली शोधत होता, हसला.
"बेळगाव, बेलगाम, बेळगावी.
त्यात आणि एक घाला की सर."

सोबत झेरॉक्स.
एकसष्टला एडविन, सहा, शेतमजुराचा मुलगा.
एकाहत्तरला सोळा, नांगर धरणारा.
एक्याऐंशीला घरात सगळे आहेत,
आई, चार भाऊ, एक भाडेकरू सुतार,
एडविन नाही.
एक्याण्णवला परत. बरोबर मुलगी.
आणि स्थितीच्या रकान्यात: विधुर.

लग्नाची नोंद आमच्या कुठल्याच पॅरिशमध्ये नाही,
हिलरी लिहितात.
मग विधुर कुणाचा?

कॅम्पातल्या चर्चचं कपाट उघडलं
की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो, मग वाळवीचा.
बाप्तिस्म्यांची वही, डिसेंबर ब्याऐंशी.
बोट ठेवायचं नाही पानावर, डेव्हिडचा नियम,
पेन्सिलीच्या मागच्या टोकानं ओळ धरायची.
सापडली.
अ‍ॅडलिन. बाप कॉर्पोरल एडविन विंट्रिंगम.
आई: मेरी.

मेरीची शाई काळी, बाकीची तपकिरी.
तिच्याखाली कागद पातळ.
चाकूनं खरवडायचे तेव्हा, चुकलं की.
पान खिडकीकडं तिरकं धरलं,
डेव्हिडनं मोबाईलचा टॉर्च लावला बाजूनं,
आणि खळग्यात सावली भरली:
गंगा.
पुढं दोन-तीन अक्षरं होती,
ती चाकूनं नीट खाल्लीत.

"गंगव्वा," डेव्हिड म्हणाला.
"गंगाबाई," मी म्हणालो.
आणि दोघंही गप्प झालो,
रस्त्यावरची पाटी कुणी पुसली
हे ठाऊक असलेल्या माणसांसारखे.

माझे वडील शाळेच्या दाखल्यावर भरमा,
रेशनकार्डावर भरमप्पा,
शेताच्या उताऱ्यावर भरमण्णा.
तीन माणसांचा अंत्यविधी एकदाच केला आम्ही.
गणतीवाला आला होता कडोलीला, मी लहान,
मातृभाषा विचारून त्यानं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं.
आई म्हणाली, बघा तरी काय लिहिलं ते.
वडील म्हणाले, उन्हातनं आलाय, चहा दे त्याला.

मेरीचं दफन शोधलं. तीन वह्या. नाही.
म्हणजे तिला तिच्या माणसांनी नेलं असेल,
मार्कंडेयच्या काठी कुठंतरी,
जिथं मेलेल्यांची वही नसते.
आणि तिकडं, समुद्रापलीकडं, एका थंड स्वयंपाकघरात
परक्या अधिकाऱ्यानं विचारल्यावर
एक माणूस खरं बोलला. विधुर.

पण बेल गॉर्म?
एडविननं सांगितलं असतं तर स्पेलिंग बरोबर आलं असतं,
पलटणीच्या कागदांवर रोज बघितलेलं.
ते पोरीनं सांगितलं.
आठ वर्षांची, टेबलाच्या कडेला उभी,
आणि तिच्या जिभेवर जो ळ होता
त्याला त्या माणसाकडं अक्षर नव्हतं.

मी उत्तर लिहिलं.
बेल गॉर्म म्हणजे इथंच.
आईचं नाव गंगा, पुढचं कागदावर राहिलेलं नाही.
फोटो जोडलाय, उजेड डावीकडून घ्यावा.
नक्कल फी एका नोंदीची, पावती सोबत.

डेव्हिडनं कपाट लावलं, कडी दोनदा ओढून बघितली.
जिन्यात म्हणाला,
"गंगव्वाच होती पण."
मी म्हणालो, "असेल. बघू."