अकरा हजारांचा फरक

वेकफील्डच्या शोरूममध्ये गॅरेथनं
दोन्ही गाड्यांची दारं उघडून दाखवली.
महागडीचं मिटतं ते कळतही नाही.
स्वस्तातलीचं, लोखंडी कपाटासारखं, खण्णकन.
वृंदा म्हणाली, निदान लागलं हे समजतं तरी.

अकरा हजार पौंड.
मी पाकिटाच्या पाठीवर मांडत बसलो:
ही एका दमात डंडीला,
थेट शाल्मलीच्या हॉस्टेलच्या दारात.
तिला मात्र दोनशे मैलांत धाप लागणार,
मग ॲबिंग्टनला चाळीस मिनिटं
दावणीला बांधल्यासारखी उभी करायची.

"चाळीस मिनिटं करायचं काय?"
"कॉफी बरी मिळते तिथं," गॅरेथ म्हणाला.
वृंदा काचेपलीकडे बघत होती.

पोर गेल्यापासून आम्ही बोलतो ते
बॉयलर बंद केलास का,
उद्या कुठली बिन,
एवढंच.

स्वस्तातली घेतली.
रंग तिनं निवडला, पिठल्याचा.
फुटपाथवरून वायर टाकतो रात्री,
वर पायपुसणं, कुणी अडखळू नये म्हणून.

शनिवारी निघायचंय.
थर्मास घेतलाय, दशम्या घेतल्यात.
चाळीस मिनिटांत काय बोलायचं
ते अजून सुचलेलं नाही.